बहुमानाच्या तरवारीवरील लेख

रणांगणावर पराक्रम गाजविणाऱ्या सेनाधिकाऱ्यास देशबांधवांनीं तरवार अर्पण करावी, ही चाल नेपोलियनशीं झालेल्या युद्धांच्या काळांत इंग्लंडांत फार वाढीस लागली. १८०३ सालीं लंडनच्या लॉइड्स कॉफीगृहांतील विमेवाल्या व्यापाऱ्यांनीं ‘पेट्रिऑटिक फंड’ उभारला व हुद्द्याप्रमाणें १००, ५० आणि ३० पौंड किमतीच्या तरवारी देण्यास आरंभ केला. निळसर झांक दिलेलें पातें, त्यावर सोनेरी नक्षी, आणि त्याच पात्यावर वीराचें नांव व कामगिरी, असें त्यांचें स्वरूप असे. १८०४ च्या फेब्रुवारींत पुलो और बेटाजवळ नॅथॅनियल डान्स ह्यानें ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारी गलबतांस लढाऊ जहाजांचें सोंग देऊन फ्रेंच आरमाराधिपति लिन्वा ह्यास पिटाळून लाविलें, तेव्हां त्यास १०० पौंडांची तरवार मिळाली. मुंबईच्या विमा कंपनीनें दिलेले ५,००० पौंड निराळेच! विमेवाल्यांची कृतज्ञता माल वांचला म्हणजे विशेष उदार होते.

अशा तरवारीचें मोल पोलादांत थोडें, लेखांत फार. आणि लेख हाच तिचा सर्वांत स्वस्तांत बनवितां येणारा भाग होय. सामान्य अधिकाऱ्याची निनांवी तरवार घ्यावी, म्यानावर चांदीची पट्टी बसवावी, तीवर वॉटर्लूचें नांव कोरावें, कीं किंमत अनेक पटींनीं वाढली. म्हणून लेखाची साक्ष घेण्यापूर्वीं इतर साक्षीदार तपासले पाहिजेत. इंग्रजी पायदळाच्या अधिकाऱ्यांची ‘गॉथिक’ मूठ १८२२ सालची. व्हिक्टोरिया राणीचीं आद्याक्षरें १८३७ पूर्वीं असणें अशक्य. चांदीवरील सरकारी छापांत वर्षाचें अक्षर असतें, तें लेखांतील तारखेनंतरचें निघालें तर पट्टी मागाहूनची ठरते. गंजाच्या खळग्यावरून गेलेली कोरणीची रेघ खळग्याच्या तळाशींही तकतकीत दिसली, तर गंज आधींचा व अक्षर नंतरचें. विल्किन्सनच्या कारखान्यानें १८५४ पासून पात्यांवर क्रमांक घातले व त्यांची नोंदवही ठेविली; तेथें तर वाद फारसा उरत नाहीं.

तथापि संशयासही शिस्त हवी. पराक्रमाचा दिवस आणि देणगीचा दिवस एक नसतो. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगांवच्या लढाईबद्दल कॅप्टन स्टाँटन ह्यास कंपनीच्या संचालकांनीं तरवार व ५०० गिनी दिल्या. हा ठराव लंडनचा, तेव्हां तो मागाहून व्हावा हें उघडच आहे. त्याची पलटण त्या वेळीं मुंबईच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन होती. १८२४ च्या पुनर्रचनेंत अशा बटालियनांस स्वतंत्र क्रमांक मिळाले. १८१८ ची तारीख घालणाऱ्या लेखांत जर नवा क्रमांक दिसला, तर मात्र थांबावें. उलट, नांवाच्या स्पेलिंगांतील चूक हा लबाडीचा पुरावा नव्हे. कोरणारे कारागीर पुष्कळदां ऐकीव नांवें कोरीत.

आणखी एक प्रकार आमच्या मतें सर्वांत नाजूक आहे. आजोबांच्या खऱ्या तरवारीवर नातवानें पन्नास वर्षांनीं अभिमानानें नांव कोरवून घेतलें, तर तो लेख उशिराचा खरा, परंतु खोटा नव्हे. विक्रीसाठीं कोरलेलें नांव व घरांतील आठवणीसाठीं कोरलेलें नांव हीं दोन्हीं एका तागडींत घालणें अन्यायाचें होईल.

बनावट लेखानें मात्र दोघांवर अन्याय होतो. ज्याचा गौरव झाला त्याची खरी तरवार कोठेंतरी ओळखीवांचून पडून राहते. आणि जिच्यावर नांव लादलें, ती वाहणारा अज्ञात अधिकारी कायमचा पुसला जातो. म्हणून असा लेख घासून काढण्याचा मोह टाळावा. घांसण्यानें पोलाद जातें, आणि त्याबरोबर लबाडी ओळखण्याचीं साधनेंही जातात. अक्षरें तशींच ठेवावीं, आणि शेजारच्या चिठ्ठींत मूठ कोणत्या सालची व लेख कोणत्या सालचा म्हणवितो, हें दोन्ही लिहावें.