सिडनीचा व्यापारी, कोलकात्याचे कागद

चरित्रावर संशोधन करायचं ठरवलं असेल, तर एक सवय लावून घ्या: माणसाआधी त्याचा पैसा कुठून आला ते बघा. आम्हा विज्ञानवाल्यांना नमुना कुठून घेतला हे आधी विचारायची खोडच असते. इथे ती कामी येते.

रॉबर्ट कॅम्पबेल घ्या. ओळख अशी की सिडनीचा बडा व्यापारी, पुढे न्यू साउथ वेल्सच्या विधान परिषदेचा सदस्य. म्हणजे कागदपत्रं सिडनीत, असंच कुणालाही वाटेल. पण सुरुवात कोलकात्यात आहे.

जन्म १७६९, स्कॉटलंडमधलं ग्रीनॉक. मोठा भाऊ जॉन कोलकात्यात कॅम्पबेल-क्लार्क कंपनीत होता, हाही तिथेच आला. १७९६ मध्ये कंपनीने 'सिडनी कोव्ह' जहाज भरून सिडनीला धाडलं. मालात दारू भरपूर. कुणी मागवला नव्हता, खपेल असा नुसता अंदाज! फेब्रुवारी १७९७ मध्ये जहाज टास्मानियाजवळ फुटलं. मदत आणायला १७ जण होडीतून निघाले, त्यांत १२ भारतीय लस्कर. होडीही फुटली. मग शेकडो किलोमीटर पायपीट. शेवटी तिघेच वाचले. विल्यम क्लार्कची हकिगत छापली गेली कोलकात्याच्या 'एशियाटिक मिरर'मध्ये. लस्करांनी काय सोसलं, ते क्लार्कच्या वाक्यांआडूनच वाचावं लागतं.

१७९८ मध्ये रॉबर्ट स्वतः सिडनीला गेला. धक्का बांधला, गोदामं उभारली. १८०५ मध्ये सीलची कातडी आणि तेल थेट लंडनला नेलं, तर ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीवरून माल अडकला. १८०८ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी गव्हर्नर ब्लायला पदच्युत केलं. कॅम्पबेल ब्लायच्या बाजूने उभा राहिला आणि जकातीचं पद गमावून बसला. साक्षीसाठी लंडनला जावं लागलं, इकडे धंदा बसला.

१८२५ मध्ये तो परिषदेत आला. निवडून नव्हे हं, नेमणुकीने. तेव्हा तिथे निवडणूकच नव्हती. १८४३ पर्यंत राहिला.

सरकारने भाड्याने घेतलेलं त्याचं 'सिडनी' जहाज १८०६ मध्ये बुडालं होतं. त्याची भरपाई पुढे मिळाली ती ४,००० एकर जमीन आणि ७१० मेंढ्यांच्या रूपात. तिथे त्याने डंट्रून वसवलं. आज ते कॅनबेरात आहे, लष्करी महाविद्यालय म्हणून. बुडालेलं जहाज सरकारच्या कामावर होतं. भरपाईत गेली ती जमीन नगुन्नवाल लोकांची.