वैकिकीचे वयोवृद्ध लाटस्वार
हवाईतील वैकिकीच्या किनाऱ्यावर फळीवर उभे राहून लाटेवर आरूढ होण्याची विद्या, जी १८२० नंतर मिशनऱ्यांच्या प्रभावकाळात क्षीण झाली आणि विसाव्या शतकारंभी पुन्हा बहरली, ती केवळ तारुण्याची मिरास कधीच नव्हती. १९१२ साली स्टॉकहोमला जलतरणाचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या, वैकिकीच्याच लाटस्वार ड्यूक कहानामोकू यांनी १९२४ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, पॅरिसला रौप्यपदक मिळवले.  मला मात्र अधिक आदर वाटतो तो १९२० साली जन्मलेल्या रॅबिट केकाई यांच्याविषयी. कारण होड्या वल्हवणे व नवशिक्यांना लाटेवर नेणे हीच त्यांची उपजीविका असल्याने त्यांचे खांदे आणि दम त्या नित्याच्या कष्टांतच घडत गेले, आणि वयाची ऐंशी उलटल्यावरही ते स्पर्धांत उतरत राहिले.