हिरवं शेत आणि कॅडमियम : जिन्झू नदीकाठचा इतिहास

तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस आज भाताच्या मुळांबद्दल काय बोलणार, असं तुमच्या मनात आलं असेल. पण आजची गोष्ट मुळात ‘कारण’ या शब्दाची आहे. एखाद्या गोष्टीचं कारण सापडलं असं आपण केव्हा म्हणायचं? आणि ते समोर असूनही माणसांना दिसत का नाही?

जपानच्या पश्चिम किनाऱ्याजवळ तोयामा नावाचा प्रांत आहे. जिन्झू नदी तिथल्या मैदानात उतरते आणि तिच्या पाटांवर भाताची खाचरं भिजतात. वर डोंगरात, शेजारच्या गिफू प्रांतात, मित्सुई कंपनीची कामिओका खाण होती. तिथून शिसं आणि जस्त निघे. जस्ताच्या खनिजात निसर्गतःच थोडं कॅडमियम असतं. त्या काळी त्याला फारशी किंमत नव्हती. ते सांडपाण्यातून आणि बारीक गाळातून नदीत जाई, नदीतून पाटात, पाटातून खाचरात.

शेतकऱ्यांनी हे ओळखलं नव्हतं असं नाही. पाटाचं पाणी खाचरात जिथे शिरतं, त्या तोंडाशी गाळ सर्वांत जास्त बसे आणि तिथलंच भात खुरटं राही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून तक्रारी होत्या. युद्धानंतर पिकाच्या नुकसानीबद्दल काही भरपाईही मिळाली. पण हिशेब कशाचा झाला? बुडालेल्या भाताचा. जे भात चांगलं पिकलं, ते घरी आलं आणि शिजलं.

आता भाताचं रोप काय करतं ते बघू. रोपाला मँगनीज लागतं. ते आत घेण्यासाठी मुळाच्या पेशींना जणू दारं असतात. कॅडमियम त्याच दारातून आत शिरतं. आत आल्यावर रोप गप्प बसत नाही. गंधकयुक्त छोट्या साखळ्या तयार करून ते धातूला जखडतं. या साखळ्यांना फायटोकेलॅटिन म्हणतात. म्युनिकच्या संशोधकांनी १९८५ मध्ये त्यांचं वर्णन केलं. शिवाय मुळातल्या पेशींच्या रिक्तिकांमध्ये, म्हणजे पेशीच्या आतल्या पिशव्यांमध्ये, ते कॅडमियम कोंडून ठेवतं. अडगळीच्या खोलीत सामान टाकून कडी लावावी, तसं. जे कोंडलं जात नाही ते खोडातून वर चढतं आणि त्यातला काही भाग दाण्यात उतरतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ही सगळी धडपड रोपाच्या स्वतःच्या जगण्यासाठी आहे. खाणाऱ्याला वाचवण्याची जबाबदारी त्याने घेतलेली नाही. त्यामुळे शेत हिरवंगार, लोंब्या भरलेल्या, उतारा ठीक, आणि तरी दाण्यात माणसाला घातक इतकं कॅडमियम, असं घडू शकतं. आपण पिकाला ‘सहनशील’ म्हणून शाबासकी देतो. पण त्या सहनशीलतेची किंमत कोण मोजतं?

जिन्झूकाठी ती मोजली बायकांनी. विशेषतः चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या, अनेक बाळंतपणं झालेल्या बायकांनी. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साठतं, शरीरातली खनिजं लघवीवाटे निघून जातात, हाडं मऊ पडतात. नुसत्या खोकल्याने बरगडी मोडे. ‘इताई, इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, असं त्या विव्हळत. तेच रोगाचं नाव झालं. गावात मात्र हा आधीच्या कर्माचा भोग समजला जाई. म्हणजे कारण शोधायचं ते त्या बाईच्याच खात्यात! कर्मसिद्धान्त मी वर्षानुवर्षं शिकवला आहे, म्हणून म्हणतो, त्याचा याहून क्रूर उपयोग क्वचितच झाला असेल.

नोबोरू हागिनो हे तिथले डॉक्टर. १९४६ मध्ये युद्धावरून परतून त्यांनी घरचा दवाखाना हाती घेतला. रुग्णांची घरं त्यांनी नकाशावर मांडली, तेव्हा चित्र स्पष्ट झालं : जिन्झूच्या पाण्यावर ज्यांची शेती, तिथे रोग, शेजारच्या दुसऱ्या नद्यांच्या पाण्यावर ज्यांची शेती, तिथे रोग नाही. आपल्या न्यायशास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. एक असेल तर दुसरं असतं, एक नसेल तर दुसरं नसतं. कृषितज्ज्ञ किनइची योशिओका आणि पाण्याचे रसायनतज्ज्ञ जुन कोबायाशी यांची साथ मिळाली, आणि १९६१ मध्ये हागिनो-योशिओकांनी कॅडमियमचं नाव जाहीरपणे घेतलं.

तरीही सरकारने ते मान्य करायला ८ मे १९६८ उजाडला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय कोर्टात गेले होते. कंपनीचा आग्रह असा की कॅडमियम शरीरात नेमकं काय करतं, ते पायरीपायरीने सिद्ध करा. १९७१ मध्ये तोयामाच्या न्यायालयाने, आणि १९७२ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने, लोकसमूहात दिसणारा कार्यकारणसंबंध पुरेसा मानला. माझ्या मते हा निकाल तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात असायला हवा. पूर्ण ज्ञान होईपर्यंत न्याय थांबवायचा, तर थांबण्याचा त्रास नेहमी दुखणाऱ्यालाच होतो.

पुढे काय झालं? दूषित माती काढून किंवा खाली दाबून वर स्वच्छ माती घालण्याचं काम १९७९ मध्ये सुरू झालं आणि २०१२ मध्ये संपलं. आठशेहून अधिक हेक्टर जमीन, तेहतीस वर्षं! त्याच २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी भाताचं असं वाण प्रसिद्ध केलं की ज्यात मँगनीजचं ते दारच बिघडलेलं आहे. त्यामुळे दाण्यात कॅडमियम जवळजवळ उतरत नाही. शेतकरी लोंबी येण्याच्या आगेमागे खाचरात पाणी भरून ठेवतात, तेव्हाही कॅडमियम मातीत अडकून राहतं. पण गंमत बघा, पाणी साठलं की मातीतलं आर्सेनिक सुटं होतं. म्हणजे एक दार लावावं तर दुसरं उघडतं.

म्हणून मला या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट. खटला जिंकल्यावर गावकऱ्यांनी खाणीत शिरून तपासणी करण्याचा हक्क कंपनीकडून लिहून घेतला. तेव्हापासून शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन ते दरवर्षी डोंगर चढून जातात आणि सांडपाणी पाहतात. पीक बोलत नाही, हे त्यांना फार महागात कळलं होतं. मग विचारायला माणसानेच जायला हवं.