व्हॅनेडेट-उत्तेजित एनएडीएच ऑक्सिडीभवन

व्हॅनेडियमच्या पंचसंयुजी संयुगांमुळे पेशीपटलांच्या सान्निध्यात एनएडीएच या सहएंझाइमाचे ऑक्सिडीभवन वेगाने होण्याची प्रक्रिया. तीत ऑक्सिजन वापरला जातो आणि एनएडी व हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात.

पार्श्वभूमी : व्हॅनेडियम (अणुक्रमांक २३) हे संक्रमणी मूलद्रव्य असून जैव द्रावणांत ते मुख्यतः पंचसंयुजी व्हॅनेडेट आणि चतुःसंयुजी व्हॅनेडिल या रूपांत आढळते. व्हॅनेडेटाची रचना फॉस्फेटासारखी असते. स्नायूंपासून मिळवलेल्या एटीपीमध्ये अल्प प्रमाणात असलेले व्हॅनेडेट सोडियम-पोटॅशियम एटीपेझ या पटलातील एंझाइमाला रोखते, असे १९७७ मध्ये लुइस कॅन्टली व सहकाऱ्यांनी दाखवले. त्यानंतर पटलांवरील व्हॅनेडियमच्या परिणामांचा अभ्यास वाढला. १९८४ मध्ये एस. विजया, एफ. एल. क्रेन आणि बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील टी. रामशर्मा यांनी तांबड्या पेशींच्या पटलावर व्हॅनेडेटाने एनएडीएचचे ऑक्सिडीभवन वाढते व हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होते, असे नोंदवले.

यंत्रणा : एटीपेझाच्या बाबतीत व्हॅनेडेट फॉस्फेटाची जागा घेते, येथे मात्र त्याची ऑक्सिडीभवन-क्षपण क्षमता महत्त्वाची ठरते. पटलातील एंझाइमे एनएडीएचकडून घेतलेल्या इलेक्ट्रॉनांपैकी काही ऑक्सिजनला देतात आणि सुपरऑक्साइड हा मुक्त मूलक तयार होतो. व्हॅनेडेटाशी त्याचा संयोग होऊन बनणारे पेरॉक्सिव्हॅनेडिल एनएडीएचकडून एक इलेक्ट्रॉन काढून घेते. उरलेला एनएडी मूलक ऑक्सिजनशी विक्रिया करून एनएडी बनतो आणि पुन्हा सुपरऑक्साइड सोडतो. अशा रीतीने साखळी पुढे चालते व एका सुपरऑक्साइडामागे एनएडीएचचे अनेक रेणू खर्ची पडतात.

पुरावा : जो मॅककॉर्ड व अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये क्रिया उलगडलेले सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे एंझाइम मिसळले की ही विक्रिया थांबते. डिस्म्युटेज सुपरऑक्साइड नष्ट करते, म्हणून साखळी तुटते. डॅनियल डार व फ्रिडोविच यांनी १९८४ मध्ये सुपरऑक्साइडामुळे होणारे एनएडीएचचे ऑक्सिडीभवन व्हॅनेडेटाने वाढते असे दाखवले, आणि पुढे स्टीफन लिओचेव्ह व फ्रिडोविच यांनी साखळीची कल्पना सविस्तर मांडली. रामशर्मांच्या गटाने अनेक अणूंच्या बहुव्हॅनेडेट रूपाच्या विशेष सक्रियतेकडे लक्ष वेधले.

मापन : एनएडीएचचा ऱ्हास ३४० नॅनोमीटर तरंगलांबीला प्रकाशशोषणाने मोजतात. डेकाव्हॅनेडेट हे नारिंगी-पिवळे बहुव्हॅनेडेट जवळच्याच पट्ट्यात प्रकाश शोषते, म्हणून ऑक्सिजनचा वापरही मोजणे इष्ट असते. कॅटॅलेज हे एंझाइम घातल्यास हायड्रोजन पेरॉक्साइडातील अर्धा ऑक्सिजन परत मिळतो. त्यावरून उत्पादिताची ओळख पटते.

जिवंत पेशीतील स्थिती : तांबड्या पेशीत ऋणायन-वाहकामार्फत शिरणाऱ्या व्हॅनेडेटाचे ग्लुटाथायोन व्हॅनेडिलमध्ये क्षपण करते. शिवाय पेशीत डिस्म्युटेज असल्याने साखळी लांबण्यास वाव कमी राहतो. त्यामुळे विलग पटलांवरील वेग थेट पेशीला लागू करता येत नाहीत.

महत्त्व : या विक्रियेचा वेग म्हणजे एखाद्या ‘व्हॅनेडेट रिडक्टेज’ एंझाइमाचा वेग नव्हे. एंझाइम साखळीला आरंभ देते, तर बहुतांश ऑक्सिडीभवन व्हॅनेडियम आणि सुपरऑक्साइड यांच्या द्वारे घडते. म्हणून डिस्म्युटेज मिसळून केलेली पडताळणी नसेल, तर व्हॅनेडेटामुळे पटलातील एंझाइमाची क्रियाशीलता वाढली असा निष्कर्ष ग्राह्य धरू नये.