कुलूपबंद घरे आणि ‘बाघ’

फारुख धोंडी यांचे पुण्याच्या कॅम्पातल्या दिवसांवरचे ‘पूना कंपनी’ वाचल्यावर मी त्यांच्या लंडनमधल्या वर्षांचा माग काढू लागलो आणि पोचलो तो पूर्व लंडनमधील स्पिटलफील्ड्सच्या कुलूपबंद घरांपाशी.

सिल्हेटकडचे पुरुष तेथे आधी एकेकटे आले आणि शिवणकामाच्या कारखान्यांत राबले. 1970 नंतर बायकामुले येऊ लागली तसा घराचा प्रश्न पेटला. नगरपालिकेच्या घरांसाठी लांबलचक प्रतीक्षायादी होती. घर मिळालेच तर ते बहुधा ब्रिक लेनपासून दूर, जेथे गोऱ्या टोळक्यांची दहशत होती. आणि त्याच परिसरात ग्रेटर लंडन कौन्सिलच्या मालकीची घरे पाडकामाची वाट पाहत ओस पडली होती.

तेव्हाच्या इंग्रजी कायद्यात रिकाम्या घरात जाऊन राहणे हा फौजदारी गुन्हा नव्हता. मालकाला दिवाणी न्यायालयाचा आदेश आणावा लागे. या फटीतून कुटुंबे आत शिरली. 1976 मध्ये त्यांची संघटना झाली : ‘बेंगाली हाउसिंग ॲक्शन ग्रुप’. ‘रेस टुडे’ मासिकाच्या गटातले धोंडी आणि माला सेन तिच्या उभारणीत होते. पेलहॅम बिल्डिंग्ज ही पडीक चाळवजा इमारत कुटुंबांनी भरून गेली. शेजार हेच तेथले संरक्षण होते.

1977 मध्ये कौन्सिलची सत्ता हुजूर पक्षाकडे गेली. हा पक्ष घरे रिकामी करवील अशीच कोणाचीही अटकळ असती. झाले उलटे. त्याच वर्षी कौन्सिलने आपल्या घरांत घुसलेल्यांना अभय देऊन रीतसर भाडेकरू करण्याचे जाहीर केले. बंगाली कुटुंबांचा आग्रह मात्र कायम होता : घर हवे ते ब्रिक लेनच्या आसपासच. हा आग्रह हट्टाचा नव्हता. 4 मे 1978 रोजी अल्ताब अली या तरुण कामगाराचा याच भागात वर्णद्वेषातून खून झाला.

2012 पासून इंग्लंडात निवासी इमारतीत असे राहणे गुन्हा आहे. ती फट बुजली.

माझे बालपण गेले त्या वस्तीला सरकारी कागदात ‘अतिक्रमण’ म्हणत. तो शब्द मी अनेक वर्षे मान खाली घालून ऐकला. कोणी कुठे घुसले हे त्यात नोंदले जाते. ती जागा का आणि किती वर्षे रिकामी होती, हे नाही. त्या संघटनेच्या इंग्रजी आद्याक्षरांत बंगाली कानाला ‘बाघ’, म्हणजे वाघ, ऐकू येई. माझ्या मराठी कानाला ‘भाग’ ऐकू येतो : शहरातला आपला वाटा.