रस्त्यालाही कान असतात

1880च्या आसपासचा हिवाळा. दावोसहून फ्लुएला खिंडीकडे निघालेल्या टपालाच्या घसरगाडीत तुम्ही बसला आहात. खिंड 2383 मीटरवर आहे, पलीकडे एंगाडिनचं खोरं. एका उभ्या उताराखाली येताच गाडीवान खाली उतरतो आणि घोड्याच्या गळ्यातल्या घुंगरांत वाळलेलं गवत कोंबतो. आवाजाने बर्फ सुटतो, अशी त्याची समजूत. ती खरी नाही. आतला एखादा भुसभुशीत थर वरच्या ओझ्याने मोडतो आणि अख्खी लादी निसटते, घुंगरांचा त्यात दोष नसतो. पण घुंगरं गप्प झाली की गाडीवानाला वरचं ऐकू येतं. मान वर करून तो ऐकतोय. तुम्हीही श्वास रोखता.

आता 20 जानेवारी 1951ची रात्र. दावोसच्याच ग्राउब्युंडेन प्रांतातलं व्हाल्स गाव. बाहेर बर्फ थांबायचं नाव घेत नाही. अंधारात वरचा डोंगर कुणाला दिसत नाही, आणि ऐकू येतं तेव्हा पळायला वेळ उरलेला नसतो. हिमस्खलनात एकोणीस माणसं गेली. त्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडभर अठ्ठ्याण्णव.

2022. पुन्हा फ्लुएला, पुन्हा रात्र. रस्ता बंद आहे. हिवाळ्यात गाड्या रेल्वेवर चढून खालच्या व्हेराइना बोगद्यातून जातात. वर ऐकायला कुणीच नाही. तरी रस्त्याकडेला टेलिफोन-इंटरनेटसाठी आधीच टाकलेली ऑप्टिकल फायबर आहे. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी तिच्या एका टोकाला यंत्र जोडलंय. नवं खोदकाम नाही, डोंगरावर खांब नाहीत. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

केसाएवढ्या काचेत लेसरचा ठोका सुटतो. काच पूर्ण एकसारखी नसते, म्हणून जागोजागी कणभर उजेड मागे विखुरतो. दहा किलोमीटर जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा दहाहजारावा भाग पुरतो. जमीन थरथरली की काच किंचित ताणली जाते आणि परतणाऱ्या उजेडात फरक पडतो. तो कधी परतला, यावरून जागा कळते. म्हणजे दर काही मीटरवर एक कान. वादळात कॅमेरा आंधळा होतो, हे कान बहिरे होत नाहीत.

बर्फ कधी सुटेल हे मात्र ते सांगत नाहीत. सुटला, आणि कुठे, एवढंच. पण रस्ता उघडायचा की नाही हे ठरवणाऱ्या माणसाला पहाटे तेच हवं असतं: रात्रीत काय काय खाली आलं?

तुम्ही पडद्यासमोर बसला आहात. आडवं अंतर, उभा वेळ, सगळीकडे करडी कुजबुज. मग एका जागी ठिपके दाटतात, पट्टा रुंदावतो, काही सेकंद भडकतो, विझतो. खोलीत कसलाच आवाज झालेला नाही. तुम्ही वहीत वेळ टिपता आणि रस्त्यावरची जागा. पेन खाली ठेवताय तोच, थोडं पुढे, दुसरा पट्टा उमटायला लागतो.