व्रणरोपण
व्रणरोपण : (जखम भरून येणे). त्वचेला जखम झाली की, रक्त साखळून स्राव थांबतो. रक्तातील पांढऱ्या कोशिका जंतू व मृत ऊतक नष्ट करतात. मग कोलॅजनाच्या तंतूंनी पोकळी भरते आणि कडांच्या कोशिका सरकत येऊन नवी बाह्यत्वचा तयार होते.

मध्ययुगीन यूरोपात पू होणे हे जखम बरी होण्याचे लक्षण मानीत व तो व्हावा म्हणून जखमेत क्षोभक द्रव्ये घालीत. तेराव्या शतकात इटलीतील तेओदोरिको बोर्गोन्योनी यांनी यास विरोध केला. जखम मद्याने धुऊन तिच्या कडा जुळवाव्यात, असे त्यांचे मत होते; परंतु ते सर्वमान्य झाले नाही. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बॉलिक अम्लाच्या वापराने पू टाळता येतो, हे दाखविले.

तथापि जखम उघडी ठेवून सुकवावी, ही समजूत टिकून राहिली. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या उथळ जखमा पॉलिथिनच्या पातळ पटलाने झाकल्या. त्यांवर उघड्या जखमांपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने बाह्यत्वचा आली. कारण ओलसर पृष्ठभागावर कोशिका सहज सरकतात, तर खपली धरल्यास त्यांना तिच्याखालून वाट काढावी लागते. जखमेत ओलावा टिकविणाऱ्या आधुनिक पट्ट्या याच तत्त्वावर आधारलेल्या आहेत.